सातव्या तुकड्यातली सहा झाडं

वनशास्त्राच्या पदवीला काय काय लागतं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगेन. डॉक्टरेटला चाळीस श्रेयांकांचे अभ्यासक्रम, छापून आलेले तीन लेख, प्रबंध तपासणारे दोन बाहेरचे परीक्षक आणि शेवटी जाहीर चर्चा. विभागाच्या कार्यालयात बावीस वर्षं मी हेच तपासत आले. जाहीर म्हणजे अगदी जाहीर. दहा दिवस आधी सूचना लावायची आणि त्या दिवशी सभागृहाचं दार कुणालाही उघडं ठेवायचं. येतात मात्र बहुतेक घरचीच माणसं.

हेल्का रूस्कानेनला मी विचारलं, "पुढच्या पाच खुर्च्या राखून ठेवू?"

"कुणासाठी?" ती म्हणाली. तिने ते सहज विचारलं होतं, म्हणून मला जास्त लागलं.

हेल्का सेहेचाळीस वर्षांची होती. नोकरी सांभाळत, रजा काढत तिने नऊ वर्षं प्रबंध रेटला होता. तिच्याबरोबर सुरुवात केलेले केव्हाच पदवी घेऊन पांगले होते. मार्गदर्शक निवृत्त होऊन मुलीकडे स्पेनला गेले. नवे विभागप्रमुख तिला दोनदा 'हिल्का' म्हणाले, तिने दुरुस्त केलं नाही. आईही मधल्या काळात गेली होती.

तिचं काम इलोमन्त्सीच्या दलदलीतलं. जुन्या लोकांनी पाट खणून तिथलं पाणी काढलं होतं आणि पाइन वाढवले होते. ते पाट पुन्हा बुजवले तर झाडांचं काय होतं, हे तिला पाहायचं होतं. जमीन ताह्वो कार्तुनेन नावाच्या म्हाताऱ्याची. दलदलीचे चोवीस तुकडे आखून हेल्का दर उन्हाळ्यात तिथली झाडं मोजायची, आणि राहायची ताह्वोच्या घरी, माडीवरच्या खोलीत. त्याच्याबद्दल ती एकदाच बोलली होती. "आम्ही संध्याकाळी पायरीवर बसतो, इर्या. तो पाइप ओढतो, मी डास मारते. दोन-दोन तास कुणी काही बोलत नाही. मला इतकं बरं वाटतं ना!"

चर्चा नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी दुपारी बाराला होती. प्रबंधावर वाद घालायला हेलसिंकीहून प्राध्यापक लाम्पिला आले होते. विभागप्रमुख अध्यक्ष. श्रोत्यांत मी, आणि नंतर कॉफी मिळते म्हणून आलेले दोन विद्यार्थी. बारा वाजून पाच मिनिटांनी दार करकरलं आणि लोकरी टोपी हातात धरून एक उंच, वाकलेला म्हातारा शेवटच्या रांगेत जाऊन बसला. हेल्काने त्याला पाहिलं. तिचा चेहरा असा उजळला की मला तिच्याकडे पाहवेना.

लाम्पिलांनी दोन तास तिला सोलून काढलं. ती छान बोलली. शेवटी रिवाजाप्रमाणे ती उभी राहिली आणि म्हणाली, "उपस्थितांपैकी कुणाला या प्रबंधावर काही आक्षेप असेल, तर त्यांनी अध्यक्षांकडे बोलायची परवानगी मागावी."

या वाक्यावर कुणी काही बोलत नाही. बावीस वर्षांत कुणी बोललं नव्हतं.

"मला बोलायचंय," ताह्वो म्हणाला.

अध्यक्षांनी चष्मा सरळ केला. "आपण?"

"ताह्वो कार्तुनेन. जमीन माझी आहे." त्याने पिशवीतून हेल्काने पाठवलेला प्रबंध काढला. "यातलं इंग्रजी मला कळत नाही. मागे आपल्या भाषेत थोडक्यात दिलंय, ते वाचलं. त्यात लिहिलंय की सातव्या तुकड्यातली सहा झाडं वाऱ्याने पडली. पाणी वर आलं, मुळं सैल झाली, म्हणून."

"हो," हेल्का म्हणाली.

"नाही पडली ती. मी तोडली."

एक विद्यार्थी फिसकन हसला आणि मग त्याने मान खाली घातली.

"माझी बायको मार्ता दवाखान्यात होती तेव्हाची गोष्ट," ताह्वो म्हणाला. "सरपण संपलं होतं. दूरच्या रानात जायला मला सवड नव्हती, सातवा तुकडा रस्त्याला लागून. मग तू जूनमध्ये आलीस आणि विचारलंस, तेव्हा तोंडातून निघून गेलं, वादळ झालं म्हणून. मला काय माहीत पोरी, तू ते पुस्तकात घालशील!"

"आणि मुळं?" लाम्पिलांनी विचारलं.

"जमिनीतच आहेत. बुंधे आहेत, वर शेवाळ पसरलंय मी."

हेल्का पाणी प्यायली. मग ती स्वच्छ आवाजात म्हणाली, "तर मग पान एकसष्टवरचा निष्कर्ष चुकीचा आहे. मी खात्री करून घेतली नाही, ऐकीव गोष्ट लिहिली. चूक माझी आहे, कार्तुनेन यांची नाही. सातवा तुकडा काढून टाकला तरी बाकीचं गणित टिकतं. वाऱ्याबद्दलचं विधान मात्र टिकत नाही."

लाम्पिला बराच वेळ कागद चाळत राहिले. शेवटी म्हणाले, "दुरुस्तीची चिठ्ठी जोडायची या अटीवर मी प्रबंध स्वीकारण्याची शिफारस करतो."

बाहेर आल्यावर ताह्वो टोपी घालून निघालाच होता. हेल्का धावत गेली. "ताह्वो, रात्री जेवण आहे. थांबा ना."

"तीन दहाची बस आहे."

"मी सोडेन गाडीने."

"नको. कोंबड्या आहेत घरी." दारात थांबून तो म्हणाला, "तू कितीतरी छान बोललीस. मार्ताला आवडलं असतं." आणि अंधारू लागलेल्या रस्त्याने निघून गेला.

रात्रीच्या जेवणाला आम्ही चौघं होतो. अध्यक्षांनी भाषण केलं आणि या खेपेस नाव बरोबर घेतलं. लाम्पिला लवकर उठले. टेबलावर भात भरलेल्या पिराक्का पुऱ्या तशाच उरल्या होत्या. मी त्या डब्यात भरत असताना हेल्का म्हणाली, "इर्या, मला तेव्हाच शंका आली होती."

"कसली?"

"वाऱ्याने पडलेलं झाड मुळासकट उन्मळतं. मोठा खड्डा पडतो, पाणी साचतं. तिथे एकही खड्डा नव्हता. पायाने जरा शेवाळ सरकवलं असतं तर कळलं असतं. मी नाही सरकवलं."

"का?"

"खोटं निघालं असतं तर त्याला विचारावं लागलं असतं. मग त्या पायरीवर कशी बसले असते मी?"

मी डब्याचं झाकण लावलं.

दुरुस्तीची चिठ्ठी मी सोमवारी छापून घेतली आणि विभागातल्या सगळ्या प्रतींना चिकटवली. डिसेंबरात तिचं प्रमाणपत्र निघालं. पुढे मे महिन्यात बर्फ वितळल्यावर ती इलोमन्त्सीला जाऊन आली. ताह्वोने स्वतः शेवाळ बाजूला करून सहाही बुंधे दाखवले. तिने फोटो काढले, घेर मोजले. मग दोघं पायरीवर कॉफी घेऊन बसले.

"काय बोललात?" मी विचारलं.

"त्याने विचारलं, नोकरी कुठे लागली. मी सांगितलं, सोदान्क्युलाला. तो म्हणाला, फार थंडी असते तिकडे. मी म्हटलं, हो. मग पुन्हा गप्प. पण पूर्वीसारखं नाही, इर्या. दोघंही काहीतरी बोलायला शोधत होतो. वीस मिनिटांत मी गाडीत बसले."

सोदान्क्युलाहून तिचं नाताळचं कार्ड दरवर्षी येतं. त्यात ती तिकडे किती बर्फ पडला ते लिहिते आणि खाली नाव.