नीलवज्रचा शेवट

आलिमाने लॅपटॉप मांडीवरून उतरवून बाकड्यावर ठेवला, चष्मा ओढणीने पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवून शेवटचा परिच्छेद तिसऱ्यांदा वाचला. समोर पडवीत पाट घेऊन बसलेली गौरजा ताटातल्या फणसाच्या गऱ्यांतून आठळ्या काढत होती. तिने मान वर केली नाही.

"इतक्याच?" आलिमाने विचारलं.

"इतक्याच म्हणजे?"

"नीलवज्र लाटेत गेलो. बंदर वाचला. लोक किनाऱ्यार येवन उभे रवले. आणि तारा..." तिने पडद्यावरचं मोठ्याने वाचलं, "'ताराने वायरलेस बंद केला, खिडकी लावून घेतली आणि ती घरी गेली.' झाला? संपला?"

"ड्यूटी संपली तिची. घराक जातली नाय तर खंय जातली?"

घरात आलिमाच्या अम्मीचा, म्हणजे गौरजाच्या वजीराचाचीचा, दुपारचा डोळा लागला होता. खाली जेटीवर कोणीतरी होडीच्या फळ्या ठोकत होतं, त्याचा आवाज थांबून थांबून वर येत होता.

दोघी विजयदुर्गच्या शाळेत आठवीला असताना टीव्हीवर नीलवज्रची हिंदी मालिका लागायची. निळ्या अंगरख्यातला, अंगातल्या विजेवर उडणारा तो माणूस एका शुक्रवारी फुटलेल्या धरणाखाली अडकला आणि पुढच्या शुक्रवारी त्याच्या जागी गाण्यांचा कार्यक्रम लागला. मालिका बंद पडली होती. दोघींना इतका राग आला की त्यांनीच त्याला धरणाखालून बाहेर काढलं. आधी वह्यांच्या मागच्या पानांवर, मग कॉलेजात गेल्यावर गोष्टींच्या एका ॲपवर, 'खाडीकाठ' या टोपणनावाने. नीलवज्र त्यांनी शहरातून उचलून कोकणातल्या एका बंदरात आणला. लातूरपासून शारजापर्यंत कुठले कुठले लोक वाचू लागले. आलिमा जेटीवरच्या बर्फाच्या कारखान्यात हिशेब बघू लागली, गौरजाच्या घरचे जामसंड्याला राहायला गेले आणि ती तिथल्या एका शाळेत विज्ञान शिकवू लागली, तरी नीलवज्र सुटला नाही.

पहिला वाचक कायम एजाज असायचा, आलिमाचा मोठा भाऊ. तो ट्रॉलरवर इंजिन सांभाळायचा. बोट धक्क्याला लागली की ऑइलच्या हातांनी फोन धरून भाग वाचायचा आणि शंका काढायचा. एवढ्या वर उडतो तर त्याला थंडी कशी वाजत नाही? खाऱ्या पाण्यात पडला तर वीज जाणार नाही का? एकदा त्याने विचारलं होतं, "हो सगळ्यांका वाचवता. मगे हेका कोण वाचवतला?"

त्या प्रश्नातून तारा आली. हवामानाच्या कचेरीत बसणारी, वायरलेसवरून त्याला वाऱ्याची दिशा सांगणारी मुलगी. ती गौरजाने लिहिली होती.

गेल्या सप्टेंबरात अचानक वादळ उठलं आणि ट्रॉलर उलटला. दोघा खलाशांना दुसऱ्या बोटीने उचललं. एजाजचा देह तिसऱ्या दिवशी गिर्येच्या किनाऱ्याला सापडला. त्यानंतर नीलवज्रचा एकही भाग आला नाही. वाचक विचारत राहिले, मग विचारायचेही थांबले. एप्रिलात आलिमाने गौरजाला फोन केला.

"तू लिव शेवट. माझ्याच्यान होवचा नाय. पण अर्धवट ठेवया नको. भायक अर्धवट काय आवडत नव्हता."

गौरजाने सुट्टी लागल्यावर लिहिलं आणि आज ती लॅपटॉप घेऊन आली होती. सप्टेंबरानंतर या घरात ती पहिल्यांदाच येत होती.

"तारा रडणा नाय," आलिमा म्हणाली.

"काही माणसांका रडूक येणा नाय."

"गो, इतकी वर्षां ती तेका वाऱ्याची खबर देता. आणि तो परत येणा नाय, तर ही खिडकी लावन घराक जाता? वाचणारे काय म्हणतले?"

"ती तेची कोण लागता, आलिमा?" गौरजाचा आवाज अचानक चढला आणि लगेच खाली आला. तिने घरात पाहिलं. "लोकांच्या लेखी ती हापिसातला माणूस. थंय जावन रडली तर इचारतले, तू कोण? काय सांगतली ती?"

"कोण इचारतले?"

"तेच्या घरचे."

"तेचा घर खंय आसा आपल्या गोष्टीत?"

गौरजाने एक गरा उचलला, पण तो फोडला नाही. हातातच ठेवला.

एजाजची बातमी आली तेव्हा ती स्टाफरूममध्ये होती. कोणाच्या तरी फोनवर आली होती. पुढचा तास नववीचा होता. तिने फळ्यावर भिंग काढलं, किरण काढले, मुलांना ते वहीत उतरवायला लावलं आणि तास संपल्यावर मुख्याध्यापकांना म्हणाली, मैत्रिणीचा भाऊ गेलाय. या घरी आली तेव्हा बायका चाचीभोवती चटयांवर बसल्या होत्या. त्यांच्यात जाऊन बसायला तिचं पाऊल उचललं होतं. पण एका बाईने जागा करता करता शेजारणीला विचारलं, "ही कोण गो?" आणि शेजारीण म्हणाली, "आलिमाची मैत्रीण." गौरजा वळून स्वयंपाकघरात गेली. लोकांनी प्यालेले चहाचे पेले विसळत राहिली आणि शेवटच्या एसटीने परतली. घरी आईने विचारलं, आलिमा कशी आसा? ती म्हणाली, आसा बरी.

तीन वर्षं. बोट किनाऱ्याजवळ येऊन फोनला रेंज मिळाली की एजाज तिच्याशी बोलायचा. महिन्यातून एखाद्या वेळी पडेल कॅन्टीनच्या थांब्यावर एसटी बदलायच्या निमित्ताने दोघं भेटायची, बाकावर अंतर ठेवून बसायची. दोन्ही घरांत काय होईल ते दोघांना ठाऊक होतं. तो म्हणायचा, मी आधी अम्मीशी बोलतो, मग तू तुझ्या घरी बोल. ती म्हणायची, घाई नको. गेल्या आठ महिन्यांत तिच्यासाठी दोन स्थळं येऊन गेली होती.

"तेना घरात सांगितलेला," आलिमा म्हणाली.

गौरजाने वर पाहिलं.

"बोटीर जावच्या आदल्या सांजेक. अम्मीक. मी थंयच होतंय."

"काय सांगितलेला?"

"तुझा नाव."

जेटीवरची ठोकठोक थांबली होती. आलिमाने चष्मा काढला आणि हातातच धरून ठेवला.

"अम्मी खूप चिडली. जेवली नाय. सकाळी तो निघालो तेव्हा दारात उभो रवान दोनदा हाक मारल्यान. अम्मी जागी होती. उठली नाय." ती थांबली. "तेका वाटला, आठ दिवसांनी येवन समजूत काढीन."

"आलिमा..."

"तेव्हापासून ती माका इचारता, ता चेडू, ती गौरजा, येणा नाय काय? मी म्हणतंय शाळा आसा. तू माका फोनार शाळा आसा म्हणालंस, मी तिका तेच सांगत रवलंय."

"तू माका एकदा तरी सांगूचा होतास."

"आणि तू?" आलिमा म्हणाली. "माझो भाऊ होतो तो. पंधरा वर्षां आपण एका पानार लिवतंव. तू माका खंय सांगितलंस?"

आलिमा उठून तिच्या शेजारी जमिनीवर येऊन बसली, पण तिने तिला हात लावला नाही. दोघी पुढ्यातल्या आठळ्यांकडे पाहत राहिल्या.

आतून कडी वाजली. वजीराचाची डोक्यावरचा पदर सारखा करत उंबऱ्यात आली. आठ महिन्यांत तिचा चेहरा लहान झाला होता. तिने गौरजाकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिली. गौरजा घाईने उठायला लागली.

"बस, बस," चाची म्हणाली. चौकटीला धरून ती सावकाश खाली बसली, ताट आपल्याकडे ओढलं आणि एक गरा उचलून त्यातली आठळी काढली. मग दुसरी. "काय वाचत होतास गो मघापासना?"

"नीलवज्र," आलिमा म्हणाली. "शेवटचो भाग."

"एजाज सांगायचो तेच्या गजाली. जेवताना." चाचीने तिसरा गरा उचलला. "वाच. तू वाच," ती गौरजाला म्हणाली.

गौरजाने हात पदराला पुसले, पण फणसाचा चीक निघाला नाही. आलिमाने लॅपटॉप तिच्यासमोर धरला. ती वाचू लागली. समुद्रात उठलेली ती डोंगराएवढी लाट. बंदरातली माणसं. नीलवज्र खाऱ्या पाण्यात उतरतो आणि त्याच्या अंगातली वीज हळूहळू विझत जाते, तरी तो लाट धरून ठेवतो. ताराचा आवाज त्याच्या कानात वाऱ्याची दिशा सांगत राहतो. मग पलीकडून उत्तर येणं थांबतं. वर्गात धडा वाचावा तसा तिचा आवाज सरळ, सपाट चालला होता.

"'ताराने वायरलेस बंद केला. खिडकी लावून घेतली. आणि ती...'"

ती थांबली. तिने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा त्याच शब्दाशी थांबली.

"मगे?" चाचीने विचारलं. "खंय गेली ती?"

"घराक."

"एकटीच?"

गौरजाने होकारार्थी मान हलवली.

चाचीने तिसऱ्या गऱ्यातली आठळी काढली. "तेका आवस नाय होती?"

"नीलवज्रची आई आमी लिवलीच नाय, चाची."

"लिवा मगे." चाची म्हणाली. "तिका कोणीतरी जावन सांगूक होया, तो कसो गेलो ता. शेवटाक काय बोललो ता." ती हातातली आठळी बोटांत फिरवत राहिली. "आणि तिना दार उघडूक होया. कोणय येवन हाक मारुंदे, तिना उठान दार उघडूक होया."

गौरजाच्या घशातून आवाज आला तो तिला स्वतःलाच ओळखू आला नाही. ती पुढे वाकली. चाचीचे दोन्ही हात चिकाने माखले होते, म्हणून तिने कोपरांनीच तिला जवळ ओढलं आणि तिचं डोकं आपल्या खांद्याशी दाबून धरलं. गौरजा मोठ्याने रडली. शेजारच्या घरातून कोणीतरी पडवीत डोकावलं.

"कोण गो ती? काय झाला?" त्या बाईने विचारलं.

"आमची आसा," चाची म्हणाली.

शाळा सुरू व्हायच्या आधी शेवटचा भाग ॲपवर आला. त्यात लाट होती, विझलेली वीज होती, आणि त्यानंतर तारा विचारत विचारत कोळीवाड्यातल्या एका घराशी जाते ते होतं. एक म्हातारी दार उघडते आणि नाव न विचारता तिला आत घेते. मग दोघी बोलत बसतात. तो भाग आलिमा आणि गौरजाने मिळून लिहिला होता, एकेक वाक्य आळीपाळीने.

पहिल्या संध्याकाळी बऱ्याच जणांनी रडक्या चेहऱ्यांची चित्रं टाकली. काहींनी दोघींचे आभार मानले. लातूरच्या एका जुन्या वाचकाने मात्र मोठी प्रतिक्रिया लिहिली होती. इतकी वर्षं वाट पाहायला लावून शेवटाला नीट लढाईच दिली नाही, असं त्याचं म्हणणं होतं. आणि पुढे त्याने लिहिलं होतं: 'नीलवज्रला आई होती हे याआधी एकदाही आलेलं नाही. ही अशी शेवटी अचानक कुठून आली? पटलं नाही.'

गौरजाने ते रविवारी विजयदुर्गच्या एसटीत वाचलं. मांडीवर चाचीसाठी घेतलेल्या केळ्यांची पिशवी होती. तिने उत्तरात बरंच काही लिहिलं, मग सगळं पुसलं. खिडकीबाहेर कलमांच्या बागा मागे पडत होत्या. तिने पुन्हा लिहिलं आणि या वेळी पाठवून दिलं.

'होती. ताराला उशिरा कळलं.'