वावरात उभी राहणारी

माझी नात मेघा तान्ह्या पोळ्याला जन्मली, ते २०२२ साल. त्याच दिवाळीनंतर आमच्या शिवारात वाघ आला. सेलू तालुक्यातलं आमचं गाव जंगलाला लागून आहे. शेजारच्या वावरात त्यानं गोऱ्हा मारला. तुरी डोक्याइतक्या उंच वाढल्या होत्या आणि कापूस तर फुटून लोंबत होता. तो वेचल्याशिवाय कोणाचंच भागत नव्हतं.

वनखात्याचा माणूस सांगून गेला की वाकलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं. म्हणून बायांनी एक रीत पाडली. सगळ्या वाकून वेचतील आणि एक बाई जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं, ताट घेऊन तुरीकडे बघत उभी राहील आणि वाघ दिसला की ते वाजवील. माझे गुडघे वाकत नव्हते, म्हणून ते काम मला दिलं.

पण दोन्ही डोळ्यांत माझ्या मोतीबिंदू उतरला होता. बांधापलीकडचं सगळं मला धुरकट दिसायचं. हे मी घरात कोणाला सांगितलं नव्हतं. म्हातारी आता कशाच्याच कामाची नाही, असं कोणी म्हणेल याची लाज वाटायची. त्या लाजेपायी मी ताट धरून उभी राहिले. समोर माझी सून अपेक्षा वाकलेली. घरी लेकरू तिच्या दुधाची वाट बघत असायचं. वारा सुटला की सगळी तूर हलायची, आणि तो नुसता वारा की वाघ, हे मला कळायचं नाही. ताट वाजवलं तर बाया हसतील, नाही वाजवलं तर सून जाईल. 

आम्ही वेचत होतो ते वावर लीलाबाईचं होतं. तिचं माझं कधी पटलं नाही. साधं पाणी मागितलं तरी ती भांडल्यासारखी ओरडायची. त्या दिवशी ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"आनंदाबाई, त्या बांधावर कोण आहे वं?"

मी डोळे बारीक केले. "तुहा गडी असन."

"गडी? बुजगावणं आहे ते. कालपासून उभं आहे, तुयासारखं."

मी ताट पदराआड घेतलं. 

"दिसत नाई तुले," ती म्हणाली. "काऊन नाई सांगतलं?"

"लाज वाटली."

 मग ती आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलली, इतकं हळू की मलाच कान द्यावा लागला. "मले बी ऐकू येत नाई. डावा कान तं पुरा गेला. म्हून आवाज चढते माया. लोकाईले वाटते लीला भांडखोर."

"मले बी तसंच वाटे."

"माहीत आहे. तोंड वाकडं करतेस, ते तं दिसते मले."

तिनंच बायांना बोलावलं, पण सांगायला मला लावलं. मी सांगितलं. अपेक्षाचा चेहरा पांढरा पडला.

"आई, तुमच्या भरवशावर वाकून राह्यली मी," एवढंच ती म्हणाली. त्या दिवशी ती माझ्याशी पुन्हा बोलली नाही. चूक तिची नव्हती. भीती तिलाही होतीच.

दुसऱ्या दिवसापासून लीलाबाई आणि मी दोघी उभ्या राहू लागलो. डोळे तिचे, कान माझे. ताट तिच्या हातात आणि माझा हात तिच्या मनगटावर.

पुढच्या आठवड्यात, ऊन चढल्यावर, नाल्याकडच्या झाडांवरून वानर खोकल्यासारखं ओरडलं. मग दुसरं. वाघ दिसला की वानरं असंच ओरडतात. त्यानंतर पाखरंही गप्प झाली. मी लीलाबाईचं मनगट दाबलं आणि आवाजाकडे बोट केलं. ती वळली. 

"आहे," ती म्हणाली. "तुरीच्या तोंडाशी. अपेक्षाच्या मांगं."

तिनं ताट बडवलं. "सरळ व्हा. पळू नोका. मायाकडे या."

बाया उभ्या झाल्या. एकमेकींना धरून मागे सरकत आल्या. अपेक्षा सगळ्यात शेवटी होती. मला ती फक्त एक हिरवी पुसट आकृती दिसत होती, आणि तिच्या मागचं काहीच दिसत नव्हतं. ती पुसट आकृती मोठी होत होत माझ्या अंगाला येऊन भिडली, तेव्हा ती सून आहे हे कळलं. लीलाबाई ताट वाजवतच राहिली. मग म्हणाली, "वळला. नाल्यात उतरला."

माझं लुगडं ओलं झालं होतं. लीलाबाईनं ते पाहिलं आणि आपला पदर पसरून माझ्यासमोर उभी राहिली. "भ्याली, तं भ्याली. मी बी भ्याली," ती म्हणाली. एरवी मी स्वतःला किती बोल लावले असते. त्या दिवशी नाही लावले. घराकडे येताना अपेक्षानं माझा हात धरला होता. 

पुढेही वाघ शिवारात होता आणि मी रोज भीतच उभी राहिले. कापूस संपेपर्यंत आमच्यातली एकही बाई त्यानं नेली नाही. लीलाबाई २०२३ च्या आखाडात, आपल्या घरी, खाटेवर, तापानं वारली.