रंगाखाली अडलेली वीज

मित्रांनो, मी एक जुनी वेणी आहे. केसांची नाही, तांब्याच्या बारीक तारांची. लांबी तुमच्या वितीएवढी, दोन्ही टोकांना एकेक भोक. आता मी एका काचेच्या कपाटात पडून आहे आणि माझ्या अर्ध्या तारा जळालेल्या आहेत. लोकांना विमान बघायचं असतं, पायलटची टोपी बघायची असते. माझ्यापाशी कुणी थांबत नाही. तुम्ही थांबलात, तर आता खरं तेवढंच ऐका.

एका कारखान्यात यंत्रानं मला विणलं, वर कथलाचा मुलामा दिला आणि पाकिटात बंद केलं. पाकीट फाडलं ते भिंगबाईंनी. त्या विमानं दुरुस्त करायच्या. गळ्यात दोरीला भिंग बांधलेलं, म्हणून हँगरातले, म्हणजे विमानांच्या शेडमधले, सगळे त्यांना भिंगबाई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि बाईंना त्याचं काही वाटत नसे.

विमानाच्या पंखाच्या मागच्या कडेला एक हलणारी फळी असते. ती वरखाली झाली की विमान कलतं, वळतं. ही फळी बिजागरीवर फिरते. त्या बिजागरीवरून पूल टाकावा तशी बाईंनी मला बसवलं. आधी माझी टोकं जिथं टेकणार, तिथला पत्रा सँडपेपरनं घासून उघडा केला, अगदी लख्ख. मग नट आवळले, माझ्यातून वीज सलग जाते का ते मीटर लावून बघितलं, आणि मला बोटानं हलवून म्हणाल्या, "बस आता इथं. हलायचं नाही."

विमानावर वीज पडते का? पडते. आतल्या माणसांना लखकन उजेड दिसतो, धाडकन आवाज येतो, आणि बहुतेक वेळा तेवढंच. कारण वीज बाहेरच्या पत्र्यावरूनच धावते. एका टोकानं शिरते, दुसऱ्या टोकानं निघून जाते. पण तिला सलग वाट लागते. बिजागरीपाशी पत्रा तुटतो, तिथं मी नसेन तर वीज बिजागरीतल्या बेअरिंगमधून उडी मारते. बेअरिंगच्या गोळ्या वितळून चिकटल्या तर फळी अडकते. फळी अडकली तर विमान वळवायचं कसं, ते तुम्हीच सांगा.

मी अकरा वर्षं तिथं होते. अंगावर बर्फ साचायचं, ढगांच्या वर गेलं की ऊन लागून विरघळायचं. खाली नद्या दोऱ्यासारख्या दिसायच्या. दोनदा वीज माझ्यातून गेली. गाढ झोपेत कुणी नाव घेऊन हाक मारावी, तसं झालं. जागं होईपर्यंत हाक संपलेलीसुद्धा! ते आठवलं की अजून माझ्या उरलेल्या तारा ताठ होतात.

मग विमानाला नवा रंग द्यायचं ठरलं. रंगारी होता भिंगबाईंचा धाकटा भाऊ. नोकरी त्याला बाईंनीच लावलेली. त्याला सगळे चेष्टेनं 'नीटनेटके' म्हणत, जणू ते आडनावच. त्यानं माझा नट काढला. खाली नाण्याएवढा उघडा पत्रा दिसला आणि त्याचा जीव कळवळला. "एवढं देखणं विमान, आणि इथं खरूज झाल्यासारखं सोडलंय!" असं पुटपुटत त्यानं दोन हात रंग मारला, तो वाळू दिला आणि मला परत आवळून टाकलं. त्याचा हात वाईट नव्हता. फार चांगला होता, तेच नडलं.

रंगानंतर प्रत्येक वेणीवर मीटर लावायचा, असा नियम आहे. पण पाळीचे साहेब घड्याळ दाखवत ओरडले, "मीटर-बिटर पुढच्या वेळी. विमान उद्या उडालंच पाहिजे!" विमान उडालं. रंगातून वीज जात नाही; मी पंखावर नुसती दागिन्यासारखी लटकत राहिले.

एका दुपारी विमान ढगातून उतरताना वीज पडली. नाकातून शिरली, पत्र्यावरून धावत माझ्यापाशी आली. मला तिला पुढं न्यायचं होतं. पायाखाली रंग! तिनं तो फोडला, माझ्या अर्ध्या तारा जाळल्या आणि उरलेली वीज बेअरिंगमध्ये घुसली. फळी जड झाली. पायलटनं जोर लावून विमान उतरवलं. शिडीवरून उतरताना एक आजोबा म्हणाले, "मला वाटलं कुणी फोटोच काढला." आजी म्हणाल्या, "मग माझा हात कशाला पिरगाळलात?"

माणसं हसत घरी गेली. भिंगबाई आल्या. नाकावर तिळाएवढे काळे डाग सापडले, पंखाच्या टोकावर एक सापडला. साहेब म्हणाले, "शिरली ती सापडली, निघाली तीही सापडली. करा सही बाई, पुढचे प्रवासी ताटकळलेत."

"मधली वाट बघायची राहिलीय."

"मधे काय असणार?"

"ते बघितल्यावर सांगते." आणि बाई शिडी चढल्या.

त्यांनी मला पाहिलं. भिंग लावलं. नखानं माझ्याखालचा रंग खरवडला. दोन हात, कडेला एकही ओघळ नाही. असं काम हँगरात एकच माणूस करत होता.

भावाला त्यांनी शिडीपाशी बोलावलं. तो बघूनच पांढरा पडला. "ताई, गुपचूप दुसरी बसव ना. कोण बघतंय?"

"यानंतर किती विमानं रंगवलीस?"

त्यानं बोटं मोजली. "सहा."

"सगळीकडे असंच?"

"सगळीकडे असंच नीट."

"अरे, ती सहाही आत्ता आभाळात आहेत."

"माझी नोकरी जाईल, ताई."

"जाईल."

"तूच लावलीस ना मला?"

"मीच लावली. उघडं का ठेवतात ते सांगायचं राहिलं, तेही माझ्याकडूनच."

बाईंनी पंखाखाली उभ्यानंच अहवालात तीन वाक्यं लिहिली. वेणीखाली रंग आहे. हे रंगाऱ्याला मी सांगितलं नव्हतं. साहेबांच्या हुकमानं मीटर लावला गेला नाही. मग सहाही विमानं उतरवली गेली, आणि सहाही ठिकाणी माझ्या बहिणी रंगावर बसलेल्या निघाल्या.

टाइप होताना तिसरं वाक्य गळलं. कसं गळलं, ते मला विचारू नका, साहेबांना विचारा. त्यांची केबिन आता मोठी आहे. बाईंना ताकीद मिळाली. भावाला घरी पाठवलं.

मला हँगरातल्या शिकवायच्या खोलीत ठेवलंय, बघायला येणाऱ्यांनाही इथं आणतात. खाली चिठ्ठी आहे: 'निकामी वेणी'. खोटं आहे ते. मी निकामी नव्हते, मला पत्र्याला टेकू दिलं नाही. वरून विमान गेलं की कपाटाची काच थरथरते आणि मला पंखाची, बर्फाची, उन्हाची इतकी ओढ लागते की सांगता येत नाही. पण जळालेली वेणी कुणी परत बसवत नसतं. माझं झालं ते झालं.

भिंगबाईंचं तसं नाही. त्या याच खोलीत डबा खातात. झाकणात भाजी काढून समोर सरकवतात, भावासाठी सरकवायच्या तशी. मग भानावर येऊन मागं ओढतात. तो याच शहरात लोकांची फाटकं रंगवतो. फोन उचलत नाही.

मित्रांनो, जिथं पत्रा उघडा लागतो, तिथं शोभेसाठी रंग फासू नका. मीटर लावायचा असेल तेव्हा घड्याळ बघू नका. आणि कुठं फाटक रंगवताना एकही ओघळ न सोडणारा माणूस दिसला, तर त्याला माझा निरोप द्या. म्हणावं, तुझी ताई एक वाजता जेवायला बसते. एकटी बसते. तू ये.