पांढऱ्या कापडावरचे काळे ठिपके

सकाळपासून दुर्बीणबाईंनी अकरा तागे नापास केले होते आणि कारखान्यात एकच खळबळ उडाली होती. हॉस्पिटलच्या चादरींचं पांढरंशुभ्र कापड तीनच्या ट्रकने जायचं होतं, आणि या बाई दर दहा हातांवर यंत्र थांबवून ओरडत होत्या, "डाग! इथे काळा ठिपका!"

दिव्यांच्या टेबलावरून सरकणारं कापड त्या तीस वर्षं डोळ्यांत तेल घालून तपासत आल्या होत्या. चष्मा बाटलीच्या बुडाएवढा जाड, पण नजर अशी की नाव दुर्बीण पडलं. त्यांच्या सहीशिवाय तागा बाहेर जात नसे आणि ती सही त्या दुसऱ्या कुणाला करू देत नसत.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला घड्या घालायला त्यांची धाकटी नणंद होती. कामाला वाघ, जिभेला हाड नाही. तिने वाकून वाकून पाहिलं. "वहिनी, कुठे आहे डाग?"

"हा काय!" दुर्बीणबाईंनी बोट टेकवलं. ठिपका बोटाच्या पुढे सरकला. पुन्हा टेकवलं, पुन्हा सरकला.

"कापड चकचकीत आहे, वहिनी."

"वन्सं, बघायला नजर लागते!"

तेवढ्यात मॅनेजर धावत आले. विणणारे हमरीतुमरीवर आले होते. त्यांच्या मते डाग नव्हताच. नणंदेने हळूच म्हटलं, "वहिनी, जरा समोरच्या भिंतीकडे बघ."

भिंतीवरही ठिपके होते. काजळी उधळावी तसे, नजर फिरेल तिकडे फिरत होते.  दुर्बीणबाईंच्या डाव्या डोळ्याच्या कडेला लख्खकन काहीतरी चमकलं.

"काही नाही," त्या घाईघाईने म्हणाल्या. "माझा अकरा वर्षांचा जुनाच ठिपका आहे. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या नव्हत्या का? वय झालं की डोळ्यातला गर पातळ होतो, त्यातले तंतू तरंगतात, त्यांची सावली दिसते. दुर्लक्ष करा."

"मी होते ना शेजारी!" नणंद उसळली. "तू सोयीचं तेवढंच ऐकलंस. पुढे त्या म्हणाल्या होत्या, एकाएकी पुष्कळ ठिपके आले, उजेड चमकला, नाहीतर बाजूने सावली ओढल्यासारखी वाटली, तर त्याच दिवशी यायचं. जाड चष्मा असेल तर बिलकूल थांबायचं नाही. चमकतं का काही? खरं सांग!"

दुर्बीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "ट्रक जाऊ दे, मग बघू."

"ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं!" असं म्हणून नणंदेने लाल बटणावर तळहात आपटला. सगळी यंत्रं थांबली. मॅनेजर काही बोलायच्या आत तिने वहिनीचा हात धरून जिना गाठलासुद्धा. टॅक्सीत ती चालकाच्या मागे लागली, "दादा, चालवताय की ढकलताय?"

दवाखान्यात बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले. अर्ध्या तासाने डॉक्टरीणबाईंनी प्रखर दिवा लावून डोळ्यात खोलवर पाहिलं.

"हे कधीपासून?"

"आज सकाळपासून."

नणंदेने नुसतं पाहिलं.

"परवापासून चमकतंय," दुर्बीणबाई म्हणाल्या. "मला भीती वाटली हो. डोळा गेला असं कळलं तर त्या तपासणीच्या खुर्चीवर मला कोण बसवेल?"

"डोळा गेलेला नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आतल्या पडद्याला फाट पडलीय, पण पडदा जागेवर आहे. आत्ता लेझरने फाटीची कड पक्की करते. पडदा सुटला असता तर मोठं ऑपरेशन, आणि नजर पूर्ण परत येईल याचीही हमी नाही. चला, उठा!"

पंधरा मिनिटं हिरवा उजेड लखलखत राहिला. दुर्बीणबाई श्वास रोखून बसल्या होत्या आणि बाहेर नणंद येरझारा घालत होती.

"झालं!" डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं. "ठिपके थोडे दिवस दिसतील. नवे वाढले किंवा सावली आली तर रात्र असो की सुट्टी, लगेच यायचं. नाहीतर आठवड्याने दाखवा."

"वाचला! वहिनी, डोळा वाचला!" नणंदेने अशी आरोळी ठोकली की बसलेले पेशंट दचकले.

तेवढ्यात मॅनेजरांचा फोन आला. अकरा तागे पडून होते, ट्रक दारात उभा होता.

थेंबांमुळे दुर्बीणबाईंना समोरचं सगळं धुरकट दिसत होतं, पण आवाज खणखणीत निघाला. "कापडात काही दोष नव्हता, साहेब. दोष माझ्या डोळ्यात होता. विणणाऱ्यांना तसं सांगा, माझं नाव घेऊन सांगा. ट्रक तासभर थांबवा, वन्सं येतायत. त्या बघतील, आणि सहीसुद्धा त्याच करतील."

दिवसभर जिची जीभ टाळ्याला लागली नव्हती, ती नणंद हुंदके देऊन रडायला लागली. 

"आता तुम्ही नका रडू, वन्सं," दुर्बीणबाई चाचपडत तिचे डोळे पुसू लागल्या. "अकरा तागे बघायचेत."