पाक्लिक तुकीजानचा तयार कान

कल्पना करा, तुम्ही बांबूच्या बेटात पालथे पडला आहात, नाकावर मुंगी चढते आहे आणि शिंकायची सोय नाही. जावामधल्या मेनोरेह डोंगरात नऊ वर्षांची वेनिंग त्या सकाळी अशीच पडली होती. समोर ओढ्यावरच्या फांदीवर एक पक्षी होता. पाठ चकचकीत काळी, पोट विटकरी, कमरेवर पांढरा पट्टा आणि अंगापेक्षा लांब शेपूट. गाताना ती शेपूट तो अशी उडवी, जणू कुणाला खिजवतोय. श्यामाच तो! पिंजऱ्याबाहेरचा श्यामा वेनिंगने जन्मात पाहिला नव्हता.

आदल्या दिवशी आनंदाच्या भरात ती घरी बोलून गेली, तिथेच घोटाळा झाला. तिचा काका तुकीजान (तिकडे काकाला पाक्लिक म्हणतात) पक्ष्यांच्या गाण्यांच्या स्पर्धा लढवणारा माणूस. घरातल्या दोन श्यामांना रोज ताजे रातकिडे, बायकोला उरलासुरला भात. पक्षी चिकटून सापडावा म्हणून फणसाचा चीक लावलेली काठी त्याने लगेच तयार केली.

"राहू दे ना त्याला, पाक्लिक," वेनिंग काकुळतीला आली होती.

"न्दुक, पोरी, असला गळा जंगलात वाया घालवायचा? ऐकणार कोण, माकडं?"

"मी ऐकते."

"तेच म्हणतोय मी."

आता तो दोस्त पार्जोला घेऊन ओढ्याशी आला आणि डोळे मिटून बसला. स्पर्धेतली माणसं पक्षी बघत नाहीत; बघतात ते नवशिके.

"अहाहा! काय फिरत! दे ती काठी."

"थांब रे," पार्जो म्हणाला. "आधी गाण्यात मांजर आहे का बघ. माझा श्यामा शेजाऱ्याचं मांजर शिकला. पंचांपुढे एकदाच म्याव केलं, बाहेर! वर घरातल्या सगळ्या पक्ष्यांना तेच शिकवलं."

"जंगलात कुठलं आलंय मांजर?"

"ऐकून तर घे."

तुकीजानने डोळे आणखी घट्ट मिटले. श्यामाने एक लांबलचक तान घेतली आणि दम खायला थांबला.

बांबूतून आवाज आला, "म्याऽऽव."

"या अल्ला!" तुकीजान पांढराफटक पडला. "गेला, गेला बिचारा वाया!"

"चल, चल, याला घरी नेऊन आपल्या पक्ष्यांच्या कानावर हे नको," पार्जोने त्याला ओढलं.

श्यामाने अपमान झाल्यासारखी शेपूट उडवली आणि दुप्पट जोरात गाऊ लागला. दोघे उतरणीला लागले. तुकीजान मात्र वळणावर घुटमळला, मागे मान वळवली. तेव्हा वेनिंगने नाक चिमटीत धरून आवाज बारीक केला आणि त्या मांजरीला तीन पिल्लं झाली.