तिसऱ्या आठवड्याचा फॉर्म

"माझ्या पोरीला खोट लावू नकोस, गंधाली. सांगून ठेवतो."

"आवाज खाली कर, रॉनी. पोरं घाबरतात."

"घाबरू देत. तू काय लिहिलंयस ते आधी वाच."

त्याने फॉर्म मुठीत चुरगळायला घेतला होता. गंधालीने तो काढून घेतला आणि टेबलावर तळहाताने सपाट केला. नाहूरच्या या पाळणाघराची रीत होती. नवं मूल आलं की तीन आठवडे नुसतं बघायचं, मग आईला नाहीतर बापाला बसवून फॉर्म भरायचा. मुलाला काय जमतं, काय अजून जमत नाही. जॅकलिनचा आज तिसरा शुक्रवार. तिची आई यव्होन अंधेरीला ड्युटीवर, म्हणून रॉनी आला होता. कांजूरला एका बाईचा एसी उघडा टाकून, अर्ध्या तासात येतो सांगून.

ही गंधाली शाळेत त्याच्या पुढच्या बाकावर बसायची. त्याने नववीत शाळा सोडली, ती शिकत गेली. आता ती टीचर होती आणि तो तिच्यासमोर पोरांच्या बुटक्या खुर्चीवर, गुडघे छातीशी घेऊन बसला होता. त्यातच अर्धं डोकं फिरलेलं.

फॉर्मवर सगळंच वाईट नव्हतं. ठोकळे एकावर एक सात रचते. दीड वर्षाच्या पोराला तीन-चार पुरतात, असं गंधालीनेच सांगितलं होतं. चमचा धरते. कुणी रडलं तर जवळ जाऊन तोंड बघते. पण त्याखाली एक ओळ होती, नावाने हाक मारल्यावर वळते का, आणि तिच्यापुढे तीन वेगवेगळ्या तारखांना तीनदा लिहिलं होतं, नाही. खुळखुळा मागून वाजवला, नाही. शब्द, एकही नाही.

"तुझ्याकडे बघत नाही, कारण तू तिला आवडत नाहीस," रॉनी म्हणाला. "मलापण नाही आवडायचीस."

"माझंही काही अडलं नव्हतं तुझ्यावाचून. जन्मल्यावर कानाची टेस्ट केली होती का तिची?"

त्याला माहीत नव्हतं. माहीत नाही असं बोलवेना, म्हणून त्याने खिशातला टेस्टर काढला, बघितला, परत ठेवला. गेल्या दहा मिनिटांत चौथ्यांदा.

"घरी वळते," तो म्हणाला. "दर वेळी. एकदासुद्धा चुकत नाही. चल, दाखवतो तुला."

खिडकीखाली प्लायवूडचा बुटका मंच होता, गॅदरिंगसाठी केलेला. जॅकी त्याच्यावर पाठमोरी बसून ठोकळे लावत होती. मानेवर घामाने चिकटलेले बारीक केस. रॉनी तरातरा गेला, एक पाय मंचावर दाणकन ठेवला आणि म्हणाला, "जॅकी."

ती लगेच वळली. बापाला बघून सगळे दात दाखवून हसली.

"बघ," रॉनी म्हणाला. "बघ आता."

गंधालीला मनापासून बरं वाटलं. तिने लपवलंही नाही. मीच हळू हाक मारत असेन, इथे गोंगाट किती असतो, असं म्हणत तिने पेन उघडलं आणि तिन्ही 'नाही' एकेक करून खोडले. एवढी भांडली तीन आठवड्यांच्या कागदासाठी, आणि हसत हसत खोडले.

रॉनीने आता चांगलं सुनवायला हवं होतं. तोंडावर आलंही होतं. पण तो आपल्या बुटाकडे बघत राहिला.

भांडुपच्या गावठाणात त्यांचं घर जुनं, वरचा मजला अख्खा सागाच्या फळ्यांचा. त्याची आई ॲग्नेस, ममा, चाळिशीपासून कमी ऐकायची. तिला विचारलं तर ती म्हणायची, आजकाल माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. म्हणून घरात कुणी कुणाला हाकच मारायचं नाही. फळीवर टाच आपटायची. ममा जिथे असेल तिथून मान वर करायची. मग बोलायचं. रॉनी लहानपणापासून असाच बोलवायचा, यव्होन लग्न होऊन आली आणि महिन्यात शिकली. आधी टाच, मग नाव. जॅकीलाही तसंच. ती अशी टचकन वळायची की ममा म्हणायची, माझ्यावर गेलीय पोर, किती लक्ष असतं.

गेल्या डिसेंबरात चुलतभावाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, नवरदेवाच्या आंघोळीसाठी उंबराचं पाणी आणायला अख्खं गाव विहिरीकडे निघालं, तेव्हा ब्रास बँड त्यांच्या खिडकीखाली दहा मिनिटं उभा राहून वाजला होता. जॅकी पाळण्यात झोपलेली. हललीसुद्धा नाही. काय गुणाचं पोर म्हणून सगळ्या बायकांनी तिच्यावरून बोटं मोडली होती. रॉनीने व्हिडिओ काढून सगळ्यांना पाठवला होता.

"काय झालं?" गंधालीने विचारलं.

जॅकी परत ठोकळ्यांकडे वळली होती. त्याने मंचावरचा पाय अलगद उचलला, फरशीवर ठेवला, एक पाऊल मागे झाला.

"जॅकी."

तिने निळा ठोकळा लाल ठोकळ्यावर ठेवला.

"जॅकी."

आता पिवळा.

गंधालीने पेन मिटलं नव्हतं, टोक कागदावर टेकून तिथे शाईचा ठिपका मोठा होत होता. रॉनीने छाती भरून श्वास घेतला आणि एसीच्या कामावर तिसऱ्या मजल्यावरून खालच्या हेल्परला मारतात तशी हाक मारली.

खोलीतल्या सगळ्या पोरांनी त्याच्याकडे बघितलं. झाडून सगळ्यांनी. मिहिर नावाचा एक गोरा गुबगुबीत पोरगा भोकाड पसरून रडायला लागला, आतून मावशी धावत आली. दारातला कुत्रा उठून गेला.

जॅकी सातवा ठोकळा बसवत होती. तो नीट बसला. तिने आपणच टाळी वाजवली.

गंधाली उठून त्याच्याजवळ आली आणि तिने पहिल्यांदाच त्याच्या दंडाला हात लावला. मळ साचलेला असू शकतो, सर्दीने पाणी भरतं, टेस्ट केल्याशिवाय कुणी काही बोलू नये, मुलुंडला एक चांगल्या डॉक्टर आहेत, लहान वयात कळलं तर पुष्कळ करता येतं. ती भराभर बोलत होती आणि तो तिच्या ओठांकडे बघत होता. जॅकी असंच बघते, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने नजर काढून घेतली.

"पहिल्या दिवशी तुला विचारलं होतं," ती म्हणाली. "घरात कुणाला ऐकायचा त्रास आहे का. तू 'नाही' असं लिहिलंस."

"त्रास नव्हता आम्हाला."

"रॉनी."

"लिही," तो म्हणाला. "आजी. बापाची आई. तीसेक वर्षं."

तिने लिहिलं. मग नवीन कागद घेऊन तिन्ही 'नाही' परत लिहिले, या वेळी चौथाही, आजच्या तारखेने. रॉनीने सही केली. सही वाकडी आली.

फोन थरथरला. यव्होन होती, जेवणाच्या सुट्टीत. टीचर काय म्हणाली, एवढंच विचारलं होतं आणि पुढे एक हसरा चेहरा. त्याने फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

"यव्होनला मी सांगू का?" गंधालीने विचारलं. "मी सांगते हवं तर. नीट सांगते."

"तिला मी सांगतो. रात्री. जवळ बसून सांगता येतं तिला."

"मग?"

"ममा," तो म्हणाला. "तिला हळू सांगता येत नाही, गंधाली. तिला काहीही सांगायचं तर ओरडावं लागतं. मिठाचा डबा कुठे आहे, तेपण अख्ख्या गावठाणाला कळतं. हे मी ओरडून कसं सांगू?"

गंधालीने तोंड उघडलं, पण तो उठला होता. बुटकी खुर्ची मागे आडवी पडली, त्याने उचलली नाही.

"कांजूरला एसी उघडा आहे," तो म्हणाला. "मला निघायला हवं आता."