शब्बाथभर भाजलेला तंबाखू

इस्रायलमध्ये लोदजवळच्या सिगारेट कारखान्यात शमशोन तंबाखूची पारख करायचा. मुंबईच्या कंपनीत हात बसलेला माणूस. पान नाकाशी नेलं की त्याचा स्वभाव सांगे. मंगळवारचा माल तो निवडून आणी. शुक्रवारचा आणी उझी. उझीला तंबाखू आणि पालक यांतला फरक कळत नसे, पण तो मॅनेजरचा मेहुणा होता.

१९६३ साली प्रयोगशाळेत डॉक्टर अमिराम आले आणि पानांतली आम्लं मोजू लागले. शमशोनची पानं आंबट निघाली, उझीची सौम्य. आंबट पानाने घसा खवखवतो. झालं, शमशोनची क्वियुत, म्हणजे कायमची नोकरी, अडकली.

"ठाण्याची खोली विकून आलो ती ह्यासाठी?" रेचल नवऱ्यावर कडाडली. "तोंड उघडा तुम्ही! नायतर उझी कायम, नि तुम्ही घरी."

रविवारी सकाळी, कामाचा आठवडा सुरू होताच, प्रयोगशाळेत तक्रार घेऊन गेलेल्या शमशोनचा हात नमुन्याची पानं तपासणीआधी वाळवायच्या भट्टीला लागला. कढत! शुक्रवारी दुपारी उझीची पानं आत ठेवून सगळे घरी पळत, आणि शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या धार्मिक विश्रांतीत, बटणाला कोण शिवणार? मंगळवारची पानं संध्याकाळीच बाहेर येत. उझीची दोन रात्री भाजत. उडून जाणारी आम्लं तोवर उडून जात.

अमिराम माणूस सरळ. त्यांनी मंगळवारची पानंही तेवढीच भाजली. ती सौम्य निघाली.

"तुझं बरोबर आहे, शमशोन!"

घरी रेचलने एलियाहू हन्नाबी या पैगंबराच्या नावाने आभाराचा मलिदा केला.

मॅनेजरने मात्र डॉक्टरांना एकच विचारलं, "आपला माल चांगला कुठल्या पद्धतीत दिसतो?" मग हुकूम सुटला: यापुढे तपासणीची सगळीच पानं दोन रात्री भाजायची. शास्त्रात सर्वांना एकच नियम हवा, म्हणून डॉक्टरही खूश. मी तेव्हा तिथेच कामाला होतो, माझं तर आठवूनही टाळकं फिरतं. चांगली पानं, सडकी पानं, उझीची पानं, सगळी पास होऊ लागली.

मॅनेजरने शमशोनला प्रेमाने बोलावलं. "तुझ्यामुळे प्रयोगशाळा सुधारली. पण आता नापास काहीच होत नाही, मग पारखी कशाला हवा?" निरोपाला सिगारेटींचा खोका दिला.

रेचल दारातच उभी होती. "झाले काय कायम?"

शमशोनने खोक्यातली एक शिलगावली. पहिल्याच झुरक्याला असा ठसका लागला, की त्याला उत्तरच देता येईना.